पहिला नंबर, दुसऱ्याचा फोन

आमच्या विमलाचा मालवणी मसाला अख्ख्या मुंबईत पहिला आहे, हे मला एका मंगळवारी सकाळी दात घासताना कळलं. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फोन. सर्चमध्ये 'मालवणी मसाला अंधेरी' असं टाकलं आणि सगळ्यात वर आलं, 'विमला घरगुती मालवणी मसाला, मरोळ'. त्याखाली मी स्वतः काढलेला बरणीचा फोटो, ज्यात माझा अंगठाही आला आहे. मी चूळ न भरताच ओरडलो. विमलाला वाटलं, पाणी गेलं.

तिने फोन बघितला आणि म्हणाली, "बरं झालं. आता तोंड धुवा."

यशाचं कौतुक करणं हा आमच्या घरात माझा विभाग असल्यामुळे मी तोंड धुतलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर टाकला. 'आपल्या शांतादुर्गा सोसायटीतील फ्लॅट क्र. ३०२ च्या सौ. विमला सुबोध तळवडेकर यांचा मसाला इंटरनेटवर मुंबईत पहिला.' तेवीस अंगठे आले, चार लोकांनी हात जोडले. आणि मग आमचे सेक्रेटरी शरच्चंद्र गोगटे यांचा मजकूर आला. हे गृहस्थ वाढदिवसाच्या शुभेच्छांखालीसुद्धा 'सचिव' असं लिहितात. 'माझ्या फोनवर सदर मसाला अठ्ठाविसावा आहे. खात्री करून मग लिहावे. सचिव.'

अठ्ठाविसावा! माणसाने विसावा म्हणावं, शंभरावा म्हणावं. अठ्ठाविसावा म्हणजे त्याने बसून मोजलं होतं.

मी बोरिवलीला दीप्तीला फोन लावला. दीप्ती आमची मुलगी. लग्न होऊन तिकडे गेली, पण विमलाच्या मसाल्याचं ते इंटरनेटवरचं पान तिनेच करून दिलं होतं आणि माझ्या आणि विमलाच्या फोनवर धंद्यासाठी एकच खातं उघडून दिलं होतं.

"बाबा, तुम्ही ते पान दिवसातून किती वेळा उघडता?" तिने विचारलं.

"चार-पाच."

"खरं सांगा."

"वीस-पंचवीस."

"मग! तुमचा फोन तुम्हाला ओळखतो. तुम्ही काय बघता, कुठे राहता, काय आवडतं, सगळं त्याला माहीत असतं. तो तुमच्या आवडीचं वर आणून ठेवतो. प्रत्येकाला वेगळं दिसतं. दुसऱ्याच्या फोनवर बघा, मग कळेल."

म्हणजे हा पहिला नंबर शाळेतला नव्हता, आईने दिलेला होता. मला वाईट वाटलं. पण तेवीस वर्षं मी रंगाच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळलं आहे. तिथे एक शिकलो होतो की वाद झाला की बोलत बसायचं नाही, मोजणी करायची. मी एक जुनी वही काढली, रकाने आखले: फ्लॅट, नाव, नंबर, शेरा. चोवीस फ्लॅट, चोवीस फोन. सरासरी काढून ती गोगट्यांच्या नाकावर मारायची.

विमला म्हणाली, "लोकांच्या फोनात हात घालू नका."

"हात कुठे? एक बोट," मी म्हणालो.

आता एक गोष्ट मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो. शेजाऱ्याकडे जाऊन मी त्याच्या कपाटाची किल्ली मागितली असती तर त्याने पोलीस बोलावले असते. फोन मात्र लोकांनी बिनधास्त माझ्या हातात दिला आणि ते आत चहा टाकायला गेले. आणि सर्चच्या त्या पांढऱ्या पट्टीला बोट लावलं, की खाली त्या माणसाने याआधी काय काय शोधलं त्याची यादी भसकन उघडते. मी शपथेवर सांगतो, मला वाचायचं नव्हतं. पण डोळ्यांसमोर अक्षरं आली की ती वाचली जातात, त्याला मी काय करू?

पहिल्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाईंच्या फोनवर आमचा मसाला दिसलाच नाही, तीन प्रकारची मसाला दुधं दिसली. यादीत सगळ्यात वर होतं, 'गुडघे दुखणे कोणत्या ग्रहामुळे'. त्यांनी मला बाहेर पडताना सल्ला दिला, की मसाल्यात थोडा ओवा घाला, म्हणजे नंबर वर येईल. मी शेरा लिहिला: 'ओवा'.

गोगट्यांनी फोन दिला तो लेखी पोच घेऊन. त्यांच्याकडे मसाला खरंच अठ्ठाविसावा होता. पण यादीत होतं, 'भाषण कुठे संपवावे'. ज्या माणसाच्या वार्षिक सभेत मी दोन-दोन तास बसलो आहे, तो माणूस घरी बसून हे शोधत होता! मला त्याच्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा माया वाटली. मी नंबरावरून वाद न घालता निघून आलो.

असं करत करत रविवारी मी आमच्या समोरच्या ३०४ मध्ये गेलो. तिथे अनंता टपके राहतो. अनंता मूळचा वर्सोवा कोळीवाड्यातला. गोदीत जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर इंजिनाच्या धडधडाटात नोकरी केली, त्यामुळे तो कुजबुजला तरी तळमजल्याला ऐकू जातं. गेली बावीस वर्षं आमचं चहा-साखरेचं येणं-जाणं. त्याची बायको पार्वती आणि आमची विमला म्हणजे तर दोन फ्लॅटमध्ये विभागलेली एकच बाई.

अनंता पापलेटं साफ करत बसला होता. हात खराब, म्हणून फोनचं कुलूप उघडायचा नंबरही त्याने बसल्या जागेवरून ओरडून सांगितला. तो आता तिन्ही मजल्यांना पाठ आहे. मी पट्टीला बोट लावलं आणि यादी उघडली.

'बायकोची सही नसताना घर विकता येतं का.'

'मुखत्यारपत्र म्हणजे काय.'

'घटस्फोट न घेता वेगळं राहणं.'

'वर्सोवा एक खोली भाड्याने ताबडतोब.'

माझ्या हातातली वही खाली पडली.

"काय रे, आला का पहिला?" अनंताने विचारलं.

"सातवा," मी काहीतरी सांगितलं.

तेवढ्यात पार्वती स्वयंपाकघरातून बशी घेऊन आली. "भावजी, घ्या, पहिला घाणा आहे. गरम आहे, जपून." मी त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तो तुकडा मी खाल्ला. आयुष्यात इतकं चांगलं पापलेट मी इतक्या वाईट मनाने खाल्लेलं नाही.

घरी आल्यावर मी वहीतली पानं फाडली. मोजणी संपली होती. आता प्रश्न असा होता, की करायचं काय? विमलाला सांगावं तर पाच मिनिटांत पार्वतीला कळणार. अनंताला विचारावं तर कबूल करावं लागणार, की मी त्याच्या फोनची यादी वाचली. आणि गप्प बसावं तर एक दिवस पार्वती बशी घेऊन बाहेर येईल आणि घरात दुसराच कोणीतरी बसलेला असेल.

मी आडून विचारायचं ठरवलं. संध्याकाळी आम्ही दोघं खाली फेऱ्या मारतो. तिसऱ्या फेरीला मी म्हणालो, "अनंता, घर म्हणजे कसं, दोघांचं असतं. नाही का?"

"हां."

"म्हणजे एकट्याने काही करायचं म्हटलं तर मनाला लागतं."

अनंता थांबला. माझ्याकडे नीट बघितलं. "तुझं काय वहिनींशी बिनसलंय का रे?"

"छे! मी सहज आपलं."

"सहज कोणी असं बोलत नाही," तो म्हणाला आणि पुढच्या दोन फेऱ्या त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मारल्या. म्हणजे ज्याला सावरायचं तोच मला सावरत होता.

मग मी ठरवलं, की आधी कायदा समजून घ्यावा. सोमवारी दुपारी विमला गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेली, तेव्हा मी फोन घेऊन बसलो आणि अनंताचेच प्रश्न एकेक करून टाकले. 'बायकोची सही नसताना घर विकता येतं का.' 'मित्र बायकोला न सांगता घर विकत असेल तर' असंही टाकलं, पण फोनने त्यातला मित्र गाळून मला 'बायकोला न सांगता घर विकणे' हे सुचवलं, आणि मी घाईत त्यालाच बोट लावलं. शेवटी ती वर्सोव्याची खोली नेमकी कुठे आहे ते बघायला गेलो, तर त्या पानाने माझं नाव, मोबाईल नंबर आणि सध्याचा पत्ता मागितला. खाली एक चौकट होती, 'आपले सध्याचे घर विकायचे आहे का?' ती आधीच टिक केलेली होती. हे मला नंतर कळलं.

त्या क्षणापासून फोनने मला नवीन माणूस म्हणून स्वीकारलं. सकाळी बातम्या उघडल्या तर मध्येच एक कोटवाले वकील हसत होते, 'नवं आयुष्य सुरू करा'. हवामान बघायला गेलो तर 'एकट्या पुरुषांसाठी सुटसुटीत फर्निचर'. आणि दलालांचे फोन. मी 'नको, नको' म्हणून ठेवत होतो, पण विमला समोर असली की ते 'नको' फार हळू आवाजात म्हणावं लागे. हळू आवाजातल्या 'नको'सारखं संशयास्पद जगात दुसरं काही नाही.

घरातही काहीतरी बदललं होतं. विमला बोलेनाशी झाली. जेवणात मीठ बरोबर, आमटी गरम, पोळ्या मऊ, फक्त वाढताना एक अक्षर नाही. मिक्सर मात्र सारखा चालू. त्या तीन दिवसांत तिने इतका मसाला दळला, की आमच्या मजल्यावर येणारा प्रत्येक माणूस शिंकूनच बेल वाजवी. दुपारी ती पिशवी घेऊन बाहेर जायची, संध्याकाळी यायची. मी विचारलं, "मिरची मिळाली का?" ती म्हणाली, "मिळाली." पिशवीत मिरची नव्हती, कागद होते. मी ते बघितले, पण माझ्या डोक्यात पार्वती होती. दुसऱ्याचा संसार वाचवायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या घरातलं दिसत नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

शुक्रवारी सकाळी दूध घेऊन वर येताना नोटीस बोर्डापाशी गर्दी दिसली. गोगट्यांच्या सहीची नोटीस. 'एका सभासदाच्या पत्नीकडून फ्लॅटच्या विक्रीस लेखी हरकत प्राप्त झाली आहे. सबब निर्णय होईपर्यंत सदर फ्लॅटसंबंधी कोणतेही ना हरकत पत्र देण्यात येणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.' मला वाटलं, पार्वतीला कळलं! बरं झालं, सुटलो. बिचारा अनंता, आता याला तोंड दाखवायला जागा नाही. मी हळहळत पुन्हा नोटीस वाचली, तेव्हा वरच्या कोपऱ्यात विषय दिसला. 'विषय: फ्लॅट क्र. ३०२.'

रुक्मिणीबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या पुटपुटल्या, "या वयात? शनीचं काहीतरी असणार."

मी जिने चढून वर आलो. दार उघडंच होतं. हॉलमध्ये सोफ्यावर विमला, तिच्या शेजारी पार्वती, तिचा हात हातात घेऊन. समोरच्या खुर्चीवर अनंता, मांडीवर दोन्ही मुठी.

"बस," अनंता म्हणाला. माझ्याच घरात.

मी दुधाच्या पिशवीसकट बसलो.

"सुबोध, मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती रे."

"कसली?"

विमला आतापर्यंत खाली बघत होती. ती चिडली की मरोळ सोडून थेट कुडाळला पोचते. "माका न सांगता घर इकतास?" ती म्हणाली. "माका खुळी समाजतास काय? मी लवंगांचो भाव बघूक गेलंय तर खाली तुमची सगळी यादी! बायकोची सही नसताना काय, वेगळा ऱ्हवणा काय, खोली काय!"

आणि मला एकदम दीप्तीने उघडून दिलेलं ते एकच खातं आठवलं. मी माझ्या फोनवर जे जे शोधत होतो, ते ते विमलाला तिच्या फोनवर दिसत होतं.

"ते माझ्यासाठी नव्हतं," मी म्हणालो.

"मग कोणासाठी?"

मी अनंताकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, निर्मळ, दुखावलेल्या, मोठ्या भावाच्या डोळ्यांनी. शेजारी पार्वती बसलेली. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघा," अनंता म्हणाला, "उत्तर नाही. अरे, बत्तीस वर्षं त्या बाईने तुझं केलं. काय अडचण होती तर मला सांगायचं. बायकोपासून लपवून कागदावर सह्या घेणारी माणसं कशी असतात, मला विचार. अशा माणसाला मी दारात उभं करत नाही."

हे ऐकून माझा संयम इतका ताणला गेला, की हातातली दुधाची पिशवी कोपऱ्यावर फुटली. विमला उठली, पातेलं आणलं, न बोलता दूध ओतून घेतलं आणि परत बसली. एवढ्या रागातही तिने दूध वाया जाऊ दिलं नाही.

मग ती शांतपणे म्हणाली, "मी सोसायटीत गेले. गोगट्यांनी अर्ज तीन प्रतींत मागितला. मग घराच्या शेअर सर्टिफिकेटची प्रत. ती काढली, तर त्यावर माझं नावच नाही. रजिस्ट्रार ऑफिसला गेले, तिथेही नाही. मी नोकरी करून या घराचे निम्मे हप्ते भरले, आणि नाव एकट्या तुमचं. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही."

 घर घेतलं तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी गेली होती, सही करायला एकटा मी होतो, 'नंतर घालू नाव' असं म्हणालो होतो. नंतर म्हणजे कधी, ते राहून गेलं. आतापर्यंत माझी जी अब्रू गेली ती फुकट गेली होती, पण ही बरोबर गेली.

नेमकी त्याच वेळी बेल वाजली. दारात एक तरुण गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी, मागे एक नवरा-बायको.

"तळवडेकर सर? मी निलेश, इस्टेट एजंट. तुम्ही फॉर्म भरला ना? सर फोन उचलत नाहीत, म्हटलं थेटच यावं. ही पार्टी घर बघायला आलीय." आणि मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आणि तुमची ती वर्सोव्याची एक खोली, ताबडतोबवाली, ती पण आहे माझ्याकडे."

"वर्सोव्याला?" पार्वती म्हणाली. "वर्सोव्याला तुमचं कोण आहे हो भावजी?"

 माझं लक्ष अनंताकडे गेलं. त्याच्या तोंडावरचा मोठा भाऊ नाहीसा झाला होता. बायकोची सही, वेगळं राहणं, वर्सोव्याची खोली. एकेक शब्द तो मनात जुळवत होता. त्याने स्वतःच्या खिशातला फोन चाचपला. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"थांबा," अनंता म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज खोलीच्या बाहेर गेला नाही. "ती खोली याची नाही. माझी आहे. हे सगळं मी शोधलं होतं. याने माझ्या फोनात बघितलं."

पार्वतीने विमलाचा हात सोडला.

"माझ्यासाठी नाही गं," अनंता घाईने म्हणाला. "निशासाठी."

निशा म्हणजे अनंताची धाकटी बहीण, कुर्ल्याला दिलेली. तिचा नवरा पार्वतीचा मावसभाऊ. लग्न पार्वतीनेच जमवलेलं. अनंताने मग सगळं सांगितलं. नवऱ्याला कुर्ल्याचं घर विकून कसल्याशा धंद्यात घालायचं होतं. घर दोघांच्या नावावर. तो तिच्या मागे लागला होता, की मुखत्यारपत्रावर सही कर, मग तुला कुठे यायलाच नको, सगळं मी बघतो. निशा नको म्हणाली तर त्याने आठवडाभर तिच्याशी बोलणं टाकलं, मग म्हणाला, सही कर नाहीतर तुझ्या आईकडे जा. तिने भावाला फोन करून विचारलं होतं, की दादा, मी सही नाही केली तर तो विकू शकतो का? आणि शपथ घातली होती, की वहिनीला सांगू नकोस, तिने मोठ्या हौसेने जमवलंय, तिला लागेल.

"सोमवारी सकाळी तो तिला सहीला नेणार आहे," अनंता म्हणाला. "मला काय कळत नाही त्यातलं. फोनवर शोधत बसलो. फोन एकदा हो सांगतो, एकदा नाही सांगतो. खोली बघून ठेवावी म्हटलं, वर्सोव्यात, आईच्या जवळ."

 मला वाटलं, पार्वती आता रडेल. ती म्हणाली, "मना नाय सांगितलं. सगल्या दुनियेच्या फोनला सांगितलं, न् मना नाय." मग पदराने तोंड पुसलं. "कुठे आहे ती आता? घरी?"

आणि इथे आमची विमला उठली. तिने ती पिशवी आणली, ज्यात मिरची नव्हती. आत फाईल होती. तीन दिवसांत ती मोफत कायदा सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंकडे दोनदा जाऊन आली होती, रजिस्ट्रारकडे चार खिडक्या फिरली होती, आणि माझ्याविरुद्ध जे जे करता येईल ते सगळं तिने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं.

"सही केली नाही ना अजून?" तिने अनंताला विचारलं. "मग काही बिघडलेलं नाही. दोघांच्या नावावर आहे ना, तर तिच्या सहीशिवाय अख्खं घर तो विकू शकत नाही. मुखत्यारपत्रावर सही करायची नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच. त्यांच्या सोसायटीला हरकतीचा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. माझा नमुना आहे, फक्त नाव बदलायचं. वकीलबाईंचा नंबर आहे. तिला फोन लाव."

इस्टेट एजंट निलेश अजून दारातच उभा होता. त्याची पार्टी कधीच निघून गेली होती. तो म्हणाला, "मॅडमचं बरोबर आहे. घरात वाद आहे असं कळलं ना, तर कुठलीच पार्टी थांबत नाही. आत्ता बघितलंत ना." मग थोडं घुटमळून, "पाणी मिळेल का? इथे घशात फार जातंय." विमलाने त्याला पाणी दिलं आणि मसाल्याची एक बरणीही दिली.

आम्ही शनिवारी सकाळी चौघं कुर्ल्याला गेलो. निशाने दार उघडलं, समोर वहिनीला बघून ती एक पाऊल मागे सरली.  पार्वतीने तिला जवळ घेतलं आणि तशीच धरून उभी राहिली. मग आत जाऊन मावसभावाच्या समोर बसली.

"निशाची वहिनी म्हणून नाही, तुझी ताई म्हणून आलेय," ती म्हणाली. "आता सांग, कशाला हवीय सही?"

तो म्हणाला, "घरातला विषय आहे, बाहेरच्यांसमोर..." आणि माझ्याकडे बघितलं.

"तो बाहेरचा नाही," अनंता म्हणाला. "त्याला आमचं सगळं माहीत आहे." हे त्याने कोणत्या अर्थाने म्हटलं, ते मी विचारलं नाही.

फार बोलाचाली झाली नाही. निशाने स्वतःच ते छापील मुखत्यारपत्र कपाटातून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मी सही करणार नाही." एवढंच.  विमलाने तिच्याकडून अर्ज लिहून घेतला, दोघी खाली सोसायटीच्या ऑफिसात गेल्या आणि पोचेचा शिक्का घेऊन आल्या. तिचा नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या मानेवरून दिसत होतं, की त्याला लाज वाटत होती. आणि लाज वाटते तोवर माणूस हातचा गेलेला नसतो, असं पार्वतीने नंतर रिक्षात सांगितलं. पुढच्या बुधवारी दुपारी निशाचा फोन आला, की घर घेणारा माणूस स्वतःच मागे हटला, नवऱ्याने तो धंद्याचा विषय सोडलाय, आणि पार्वतीवहिनीच्या सांगण्यावरून दोघं एका समुपदेशक बाईंकडे जाऊन आलेत. "दादा, आठवडाभराने आज जेवले पोटभर," ती म्हणाली. अनंता तिचं प्रत्येक वाक्य परत म्हणत होता, त्यामुळे फोन स्पीकरवर न टाकताही आम्हाला सगळं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर तो गॅलरीत जाऊन मोठ्याने नाक शिंकरत राहिला. मसाला त्या दिवशी दळलेला नव्हता.

मी त्याला म्हणालो, "अनंता, मी तुझ्या फोनात बघायला नको होतं."

"नकोच होतं," तो म्हणाला. "पण बघितलं नसतंस, तर मी सोमवारपर्यंत एकटा त्या फोनला विचारत बसलो असतो. तरी सांगतो, परत हात लावलास तर बोट राहणार नाही."

त्याने कुलपाचा नंबर बदलला. दीप्तीने येऊन आमची खाती वेगळी केली आणि मला दोन तास समजावून सांगितलं, की काय काय बंद ठेवायचं आणि कुठे टिक करायची नाही. गोगट्यांनी नोटीस काढून तिच्या जागी दुसरी लावली, की 'फ्लॅट क्र. ३०२ बाबतची हरकत आपसांत मिटल्याने मागे घेण्यात येत आहे', आणि ती फक्त चार ओळींत संपवली.

राहिलं होतं एक काम. त्यासाठी मी आणि विमला दोघं मिळून रजिस्ट्रार ऑफिसला गेलो. वकीलबाईंनी तयार केलेले कागद होते, साक्षीला अनंता आणि पार्वती होते. दोन वेळा परत पाठवलं. एकदा फोटो लहान म्हणून, एकदा सर्व्हर बंद म्हणून. तिसऱ्या वेळी खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले, चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "इतक्या वर्षांनी पत्नीचं नाव घालताय. कारण?"

मी घसा साफ केला. सगळं नीट सांगायचं तर सुरुवात मसाल्यापासून करावी लागणार होती, मग गोगटे, मग यादी, मग कुर्ला. मी म्हणालो, "त्याचं असं झालं साहेब, की एका मंगळवारी सकाळी..."

विमलाने माझ्या दंडावर हात ठेवला.

"राहिलं होतं," ती म्हणाली.

कारकुनाने मान हलवली, शिक्का मारला आणि म्हणाला, "इथे सही करा, बाई."